शेऱ्यातलं दुसरं वाक्य

ऑफिसात तिला सगळे मीटरबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. शहरात कुठूनही आवाजाची तक्रार आली की ती जीपमधून जायची, तिपाई उभी करायची, तिच्यावर मीटर बसवायची, मीटरच्या टोकाला काळा स्पंजचा गोळा चढवायची आणि दोन पावलं मागे सरून हाताची घडी घालून उभी राहायची. पंधरा मिनिटं. तेवढ्यात कुणी बोललं तर तिचा नुसता डोळा पुरे असे. एकदा एका गिरणीमालकाला शिंक आली, तर त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती म्हणतात.

पंधरा-सोळा वर्षं ती हे काम करत आली होती. आवाजाच्या तक्रारी करणाऱ्यांचे एवढे नमुने तिने पाहिले होते की हळूहळू माणसांवरचा तिचा विश्वास उडाला आणि तो सगळा मीटरवर जाऊन बसला. शेजारणीशी पटत नाही म्हणून तिच्या मिक्सरची तक्रार करणारी बाई होती. एका गृहस्थाने शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार केली, आणि मीटरबाई जाऊन पाहते तर कुत्रं मरून दोन महिने झालेले. "माणसाचा कान ज्याचं त्याचं ऐकतो," ती नव्या लोकांना सांगायची. "मीटर सगळ्यांचं सारखं ऐकतं."

तळ्याकाठच्या घड्याळवाल्या काकांची पहिली तक्रार आली ती अशा काळात.

शहराच्या एका कडेला मोठं तळं होतं, दीड किलोमीटर रुंद. पलीकडच्या काठावर जनरेटर बनवणारा कारखाना, अलीकडे जुनी वस्ती. त्या वस्तीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी काकांचं घर होतं आणि घराची पुढची खोली म्हणजे दुकान. कारखान्यात तयार जनरेटर पहाटे साडेचारपासून दुपारी दोनपर्यंत चालवून तपासत. कारखान्याला लागूनच, तळ्याच्या बाजूला, कामगारांची वसाहत होती. तिथल्या लोकांनी पूर्वी तक्रार केली होती, तेव्हा मीटरबाईनेच मोजणी करून कारखान्याला तीन पुरुष उंच भिंत बांधायला लावली होती. त्या भिंतीचा तिला अभिमान होता. ती झाल्यापासून वसाहतीतून एकही पत्र आलं नव्हतं.

आणि आता तळ्याच्या पार पलीकडून हा माणूस लिहीत होता, की पहाटे जनरेटरचा आवाज माझ्या खोलीत येतो.

ती गेली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काका टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. वय सत्तरीच्या आसपास. हातातलं घड्याळ त्यांनी कानाशी धरलं, क्षणभर ऐकलं आणि खाली ठेवलं.

"याला दिवसाला दोन मिनिटं मागे पडायची सवय लागलीय," ते म्हणाले. "बसा बाई. तुम्ही आलात, बरं झालं."

"उघडायच्या आधीच कळलं?" तिने विचारलं.

"उघडून काय कळतं? उघडल्यावर दिसतं फक्त. कळतं ते ऐकून."

मग त्यांनी तो आवाज कसा आहे ते सांगितलं. नुसतं 'मोठा आहे' असं नव्हे. आधी एक खालचा सूर लागतो, मग त्याच्यावर दुसरा चढतो, आणि दोघांचं जुळत नाही म्हणून मधे एक हिंदकळ येते, सेकंदाला तीनदा. त्यांनी तो सूर घशातून काढूनही दाखवला. जीपचा ड्रायव्हर दारात उभा होता. त्याने तोंड वळवून हसू दाबलं, ते तिला दिसलं. तिलाही हसू आलं होतं.

तिने मीटर लावलं. पंधरा मिनिटांत एक सायकल गेली, दोन कावळे ओरडले. आकडा चव्वेचाळीस डेसिबल, म्हणजे शांतच.

"आत्ता नाहीच येत," काका म्हणाले. "पहाटे येतो. पाच वाजता याल का?"

"ऑफिस दहाला उघडतं, काका."

"तेही खरंच," असं म्हणून त्यांनी खणातून एक दोनशेपानी वही काढली. "मग ही तरी न्या. मी रोजचं टिपून ठेवलंय."

तिने वही घेतली आणि फाइलीत घातली. परत जाताना भिंतीमागच्या वसाहतीत थांबून चार घरी चौकशी केली. "भिंत झाल्यापासून सुख आहे, बाई," सगळ्यांनी सांगितलं. कारखान्याला खेटून राहणाऱ्यांना जे ऐकू येत नाही, ते दीड किलोमीटरवर येणार कसं? तिने निकाल मनाशी तिथेच लावून टाकला.

काका मात्र चिवट. थंडी संपली की त्यांची पत्रं थांबायची, थंडी आली की पुन्हा सुरू. पुढच्या वर्षी ती दुसऱ्यांदा गेली, दुपारी एक वाजता. त्याच हिवाळ्यात तिसऱ्यांदा, अकराला. आकडा तोच, दोन इकडे नाहीतर दोन तिकडे. तिसऱ्या खेपेला काकांची सून तिला दारापर्यंत सोडायला आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाई, त्यांचं जरा असंच चाललंय. पहाटे उठून खिडकीत बसतात. आम्हाला उठवतात, ऐका म्हणतात. दिवसभर राबून झोपलेल्या माणसाला काय ऐकू येणार? तुम्हीच काहीतरी लिहून द्या, म्हणजे हा विषय तरी संपेल."

त्या दिवशी शुक्रवार होता. साहेबांनी सकाळीच टोकलं होतं, की एकाच म्हाताऱ्यापायी जीप किती वेळा पाठवायची. मीटरबाई टेबलाशी बसली आणि शेरा लिहिला: "तक्रारीत तथ्य आढळले नाही." इथवर ठीक होतं. इथे पूर्णविराम देऊन पेन खाली ठेवायला हवं होतं. पण तिने पुढे आणखी एक वाक्य लिहिलं: "तक्रारदारास श्रवणभ्रम होत असण्याची शक्यता असून कुटुंबीयांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा."

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती डॉक्टर नव्हती. काकांचे कान तिने तपासले नव्हते. पण वाक्य कसं घडी घातलेल्या कपड्यासारखं नीट बसलं, म्हणून तिला आवडलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तिने ते सगळ्यांना सांगितलंही. "घड्याळवाल्या काकांच्या कानातच जनरेटर बसलाय. आता भिंत बांधायची तर कानाभोवती बांधावी लागेल." सगळे हसले. लेखनिकाला तर ठसका लागला. फाइल बंद झाली, पत्राची प्रत काकांच्या घरी गेली, आणि तिथून पुढे पत्रं यायची थांबली. मीटरबाईला वाटलं, बरं झालं, औषध लागू पडलं.

दोन वर्षं गेली. तिच्या थोरल्या बहिणीने तळ्याकाठच्या त्याच जुन्या वस्तीत, काकांच्या गल्लीपासून चार गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्या हिवाळ्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मीटरबाई रजा काढून तिच्याकडे राहायला गेली.

पहिल्याच पहाटे, पाचच्या सुमाराला, चहा ठेवायला म्हणून ती स्वयंपाकघरात आली. घरघर ऐकू येत होती. फ्रिज असेल म्हणून तिने फ्रिजवर हात ठेवून पाहिला. फ्रिज गप्प होता. मग ती गॅलरीचं दार उघडून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

आवाज तळ्यावरून येत होता. आधी एक खालचा सूर. त्याच्यावर चढलेला दुसरा. मधे हिंदकळ. तिने नकळत मोजली. सेकंदाला तीन.

वारा अजिबात नव्हता. तळ्यावर धुक्याचा पातळ थर पसरला होता, दुधावर साय धरावी तसा. पलीकडे कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर सरळ थोडा वर चढला होता आणि मग एका उंचीवर छताला टेकल्यासारखा आडवा पसरला होता. तेवढ्यात पलीकडच्या काठावर कुणीतरी खोकलं. आणि मग, दीड किलोमीटरवरून, शेजारच्या गॅलरीतून यावा तसा एका माणसाचा आवाज आला: "आज साखर कमी घाल रे, काल पाक झाला होता."

मीटरबाईची कानशिलं तापली. कारण हे का होतं, हे तिला ठाऊक होतं.

नोकरीच्या सुरुवातीला सहा आठवडे प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला एक वयस्कर प्राध्यापक यायचे. त्यांनी एक अख्खा तास यावरच घालवला होता. आवाज गरम हवेत भरभर जातो, थंड हवेत सावकाश. शाळेतली मुलं हात धरून एका रांगेत, खांद्याला खांदा लावून मैदानावरून चालली आहेत असं समजा. रांगेचं एक टोक वाळूत शिरलं, तर त्या टोकाची मुलं रेंगाळतील, दुसऱ्या टोकाची पुढे निघतील, आणि अख्खी रांग वाळूकडे वळेल. आवाजही तसाच, जिकडे हवा थंड तिकडे वळतो. दुपारी जमीन तापलेली असते, खालची हवा गरम, वरची थंड. तेव्हा आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. पण थंडीतल्या शांत पहाटे उलट असतं. खालची हवा गारठलेली, वरची त्यामानाने उबदार. मग वर निघालेला आवाजही वाकून खाली येतो, आणि कुठल्या कुठे जाऊन उतरतो. पाण्यावरून तर फारच लांब.

म्हणजे भिंतीने आवाज अडला नव्हता. भिंतीच्या आडोशाला बसलेले तेवढे वाचले होते. भिंतीवरून वर गेलेला आवाज तळ्यावरून वाकून थेट या काठावर उतरत होता, थंडीतल्या प्रत्येक शांत पहाटे. आणि ती दर वेळी भर दिवसा येऊन, तो डोक्यावरून जात असताना, मीटर लावून उभी राहिली होती.

"गारठशील की. आत ये," ताईने अंथरुणातून हाक मारली. मीटरबाई आत आली.

"ताई, हा आवाज रोज येतो?"

"हा होय? थंडी सुरू झाल्यापासून येतो. सवय झाली आता."

"मग तक्रार नाही केलीत कुणी?"

"केली होती ना, त्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांनी. मी इथे यायच्या आधीची गोष्ट. तुमच्याच ऑफिसातून उत्तर आलं म्हणे, की आधी डोकं तपासून घ्या. अख्ख्या वस्तीत बभ्रा झाला. मग दुसरं कोण करतंय तक्रार? शहाण्याला वेडं ठरवायला तुम्हाला एक कागद पुरतो बाई." ताई हसली. "तुला माहीत असेल ना, कुणी लिहिलं ते?"

मीटरबाईने चहाच्या भांड्याखालचा गॅस कमी केला. "मोठं ऑफिस आहे," ती म्हणाली. "कुणीतरी लिहिलं असेल."

हे ती बोलून गेली आणि मग दिवसभर स्वतःला तोंड दाखवायची तिला लाज वाटत राहिली. केस विंचरतानाही तिने आरशात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या दुकानाकडे गेली. सांगायचं म्हणूनच गेली होती. वाटेत वाक्यंही जुळवली होती. पुढच्या खोलीत घड्याळाचं टेबल नव्हतं. तिथे शिवणयंत्र होतं आणि सून कापड कापत होती. भिंतीवर जिथे घड्याळं टांगलेली असत तिथे नुसते खिळे होते. आतल्या दारातून काका दिसत होते, पाठमोरे, खुर्चीत. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

सुनेने तिला ओळखलं नाही. मीटर नव्हतं, जीप नव्हती, डोक्याला मफलर होता. "काय हवंय?" तिने विचारलं.

आणि मीटरबाईने, एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं खरंखोटं करणाऱ्या बाईने, मनगटावरचं चांगलं चालतं घड्याळ काढून पुढे केलं. "हे जरा मागे पडतंय. दुरुस्त होईल का?"

"ते आता घड्याळं घेत नाहीत," सून म्हणाली. "सोडलं त्यांनी. बाजारात एक दुकान आहे, तिकडे बघा."

"का सोडलं?"

"तब्येत बरी नसते," एवढंच म्हणून सुनेने पुन्हा कात्री उचलली.

मीटरबाई घड्याळ मुठीत धरून परत आली. त्या संध्याकाळी तिने ताईला सगळं सांगितलं, दुसऱ्या वाक्यासकट, डब्याच्या वेळच्या विनोदासकट. ताईने दुखरा गुडघा उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी लहानपणापासूनची खोड. पण तेव्हा निदान तोंडाने बोलायचीस, ते हवेत विरायचं. आता शिक्का मारून बोलतेस."

रजा संपल्यावर ऑफिसात तिने आधी जुनी फाइल काढली. तळाशी काकांची वही होती, जशी दिली तशी, पान न उलटलेली. तिने वाचायला घेतली. "चार पन्नास. वारा नाही. तळ्यावर धुकं. आवाज स्पष्ट." "पाच दहा. बोचरी थंडी, आभाळ निरभ्र. आवाज फार." "आज वारा सुटलाय. आवाज नाही." "ढग. आवाज अगदी पुसट." "ऊन वर आल्यावर आठ वाजता पुन्हा कान दिला. नाही." पानामागून पान, पहिल्या तक्रारीपर्यंतचे दोन हिवाळे. एका जागी काकांनी लिहिलं होतं: "आवाज थंडीवर चालतो असं दिसतं. का ते कळत नाही. मोजणीला कुणी आलं की विचारायला हवं."

ते पान वाचून मीटरबाई उठली आणि नळाखाली तोंड धुऊन आली. प्राध्यापकांनी तासभर समजावून जे तिच्या गळी उतरवलं होतं, ते या माणसाने एकट्याने खिडकीत बसून निम्म्याहून अधिक शोधून काढलं होतं, आणि उरलेलं तिला विचारायचं ठरवलं होतं.

तिने तीन पहाटे मोजणी केली. ड्रायव्हर कुरकुरला, "बाई, या वेळेला कोंबडीसुद्धा उठत नाही." पण तळ्याच्या काठाला जीप थांबवून त्याने इंजिन बंद केलं, आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे म्हातारा खरं बोलत होता," तो म्हणाला. तिने मीटर सुरू केलं. आकडा अठ्ठावन्न आला. दुसऱ्या दिवशी एकोणसाठ. वाऱ्याच्या दिवशी चव्वेचाळीस. भिंतीमागे, कारखान्याच्या कुशीत, सत्तेचाळीस.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "नवीन पाहणी म्हणून द्या ना. जुन्या शेऱ्याचा उल्लेख कशाला? झाकली मूठ राहू दे."

"साहेब, जुना शेरा त्यांच्या घरी आहे. त्याच्यावर माझी सही आहे."

"तुमच्या रेकॉर्डला लागेल."

"लागू दे."

तिने लिहिलं की पूर्वीच्या शेऱ्यातली दोन्ही वाक्यं चुकीची होती. पहिलं, कारण मोजणी भलत्या वेळी केली. दुसरं, कारण ते लिहिण्याचा तिला अधिकारच नव्हता. साहेबांनी सही केली, पण आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मग ती पुन्हा त्या घरी गेली. या वेळी मफलर न बांधता. सुनेने आधी तिला आणि मग तिच्या हातातल्या लिफाफ्याला पाहिलं. "तुम्हीच आला होतात ना त्या दिवशी," ती सावकाश म्हणाली. "घड्याळ घेऊन."

"हो. घड्याळ बरोबर चालत होतं. मला बोलायचं धाडस झालं नाही."

काका आतल्या खोलीत होते. तिने समोर बसून बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी कानातले बोळे काढले आणि तळहातावर धरून ठेवले. तिने आकडे सांगितले. रांगेतल्या मुलांची गोष्ट सांगितली, वाळूची, गरम आणि थंड हवेची. काका मान खाली घालून ऐकत होते. ऐकताना त्यांचं एक बोट हळूहळू गुडघ्यावर वाकडी रेघ काढत होतं, वर जाऊन खाली येणारी.

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. नोकरीला लागले तेव्हाच शिकवलं होतं. परीक्षेत आलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते."

"मग?"

खूप कारणं तिच्या जिभेवर आली. ऑफिसची वेळ, जीप, साहेब, कुत्र्याची खोटी तक्रार करणारा तो गृहस्थ. "पहाटे उठून यायचा कंटाळा केला," ती म्हणाली. "आणि तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं."

"माझी वही वाचली होतीत?"

"नाही. मागच्या महिन्यात वाचली."

काकांनी तळहातावरचे बोळे खिशात टाकले. मग बोलले ते अगदी शांतपणे, आणि त्यामुळेच तिला जास्त लागलं. "मला मुलाने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत. म्हणजे बिघाड कानात नाही, त्याच्या पुढे, डोक्यात आहे. मला ते पटलं, बाई. तुमच्या कागदावर शिक्का होता. मी जन्मभर घड्याळ कानाशी धरून सांगत आलो, याचं काय दुखतंय. ज्या कानाला नसलेला जनरेटर ऐकू येतो, त्याच्या भरवशावर लोकांची घड्याळं कशी घ्यायची? मीच टेबल हलवलं. यांनी नाही सांगितलं."

"काका, मी..."

"मला नका सांगू. यांना सांगा. मुलगा येईल सहाला. दोघांसमोर सांगा."

ती सहापर्यंत बसली. सुनेने पाणी दिलं, चहा विचारला नाही. मुलगा कामावरून आला, तसं मीटरबाईने उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, ते काही गेलं नाही. मुलाने लिफाफ्यातला कागद दोनदा वाचला. "म्हणजे आम्ही झोपेत होतो तेव्हा..." तो म्हणाला. सुनेने एकदम पदर तोंडाला लावला. "मी दुधातून गोळी देत होते त्यांना," ती म्हणाली. "झोपेची. डॉक्टरांनी दिलेलीच. पण त्यांना न सांगता. पहाटे उठू नयेत म्हणून."

"माहीत होतं मला," काका म्हणाले. "दूध कडू लागायचं."

मीटरबाई निघाली. दारापर्यंत कुणी आलं नाही, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कारखान्याने तपासणीची वेळ बदलून सकाळी नऊनंतरची केली, पण त्यालाही सहा महिने आणि आठ स्मरणपत्रं लागली. म्हणजे तो उरलेला हिवाळा तसाच गेला. काका पुन्हा टेबलाशी बसले, पण दुकान म्हणून नाही. दोन वर्षांच्या खंडाने बोटं जड झाली होती. ओळखीतली चार-दोन घड्याळं तेवढी ते पाहायचे. ताई म्हणाली की गल्लीतले लोक आता त्यांना मुद्दाम हाक मारून बोलतात, जरा जास्तच गोड. काकांना ते आवडत नाही.

मीटरबाई त्यानंतर सात वर्षं नोकरीत होती. तक्रारदार सांगेल त्या वेळी जायचं, मग पहाट असो की भर ऊन, हा तिने नियमच केला. ड्रायव्हर बदलीसाठी अर्ज करायचा आणि दर वेळी मागे घ्यायचा. शेरा ती एकाच वाक्यात लिही. दुसरं सुचलंच, तर पेनाला टोपण लावून उठून जाई.

नव्या लोकांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने आवाज वाकण्याच्या तासाला रांगेतल्या मुलांनंतर ही गोष्टही सांगायला सुरुवात केली, स्वतःचं नाव घेऊन. डब्याच्या वेळच्या विनोदापाशी आली की तिचा चेहरा दर वर्षी तसाच लाल व्हायचा. पहिल्या वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग काकांनी तुम्हाला माफ केलं का?"

"बाजारात एकदा भेटले होते," मीटरबाई म्हणाली. "मला पाहून थांबले. थंडी कशी आहे यंदा, एवढं बोलले आणि गेले."

"पण माफ केलं का?"

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "ते विचारायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही."